चौथी प्रत

माझं अक्षर लहानपणापासून चांगलं. घरात त्याचं कौतुक कुणी केलं नाही, उपयोग मात्र पुरेपूर करून घेतला. आम्ही तेव्हा काटोलला राहत होतो, संत्रा मंडीच्या मागे, दोन खोल्या आणि पुढे टिनाचं छत असलेला ओटा अशा भाड्याच्या घरात. आंबिया बहाराची संत्री यायला लागली की सकाळपासून पेट्या ठोकायचे आवाज सुरू व्हायचे, ते दिवस मावळेपर्यंत. पेट्यांत घालायच्या तणसाचा चुरा उडून आमच्या ओट्यावर, वाळवणावर, कधी कधी वरणातही यायचा. आई त्या ठोक्यांवर भाकरी थापते असं मी एकदा म्हटलं आणि धपाटा खाल्ला. तिच्या हातचा गोळाभात, वर कढत तेलाची फोडणी, आणि बाजूला चिंचेचं सार, हे आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं. डॉक्टरांनी आता तेल बंद केलंय, म्हणून जास्तच आठवतं.

बाबा शिक्षण विस्तार अधिकारी होते. लोक त्यांना 'दीपोटीसाहेब' म्हणत आणि त्यांची सायकल दुरून दिसली की गावोगावच्या शाळांत पोरं आपोआप मोठ्यानं पाढे म्हणायला लागत. त्यांच्या बीटात तीसेक शाळा होत्या, त्यांतल्या बारा एकशिक्षकी. म्हणजे एक खोली, एक मास्तर आणि चार वर्ग. बाबा फार प्रामाणिक माणूस होते. कुणा मास्तराच्या घरी त्यांनी कधी चहा घेतला नाही, सायकलला डबा बांधून न्यायचे आणि झाडाखाली बसून एकटे खायचे. कुणी संत्र्यांची टोपली घरी आणली तर ती परत डोक्यावर देऊन त्याला फाटकाबाहेर काढायचे, आणि तेही गल्लीतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. आयुष्यभर त्यांनी कुणाचं काही खाल्लं नाही, माणसं मात्र खाल्ली. हे लिहिलेलं माझ्या भावाला आवडणार नाही. त्यानं त्याचं पुस्तक लिहावं.

त्या बारा शाळांसाठी बाबांनी एक तक्ता बसवला होता. त्याला ते 'पंधरवडा तक्ता' म्हणत. कोणत्या पंधरवड्यात कोणत्या वर्गाला कोणता धडा, पहिलीला तोंडी शिकवत असताना चौथीला पाटीवर काय द्यायचं, दुसरी-तिसरी एकत्र कधी बसवायची, सगळं त्यात चौकटी आखून मांडलेलं. रागाच्या भरात असले तरी खरं ते सांगायलाच हवं, की तक्ता उत्तम होता. एकट्या मास्तराची चार वर्गांत कशी ओढाताण होते हे बाबांना नेमकं ठाऊक होतं, कारण त्यांनी स्वतः सहा वर्षं तशा शाळेत काढली होती. त्यांना त्या लोकांना मदतच करायची होती. फक्त मदत केल्यावर समोरचा माणूस आपल्या हिशोबानं हलला नाही, तर त्यांना तो सहन व्हायचा नाही.

तक्त्याच्या प्रती मी काढायचे. एका फुलस्केपखाली तीन कार्बन, म्हणजे एका वेळी चार प्रती, आणि असं तीनदा लिहिलं की बारा शाळा झाल्या. कडक पेन्सिल इतकी दाबावी लागायची की बोटाच्या पेरावर खळगा पडायचा. तो आजही उजव्या हाताच्या मधल्या बोटावर आहे, माझी नात त्यात तांदळाचा दाणा ठेवून बघते. कितीही दाबलं तरी चौथी प्रत फिकी यायची. पहिली प्रत सडकेजवळच्या शाळेला, दुसरी त्याच्या पुढच्या, आणि चौथी सगळ्यांत लांबच्या गावाला, अशी वाटणी बाबांनी ठरवून दिली होती. लांबच्या शाळेत कोण बघायला जातं, असा त्यामागचा विचार असावा. मी विचारलं नव्हतं. बाबांना काही विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

तिसऱ्या खेपेची चौथी प्रत पांढरटोल्याच्या भोयर गुरुजींना जायची. पांढरटोला म्हणजे सडक सोडून दोन नाले ओलांडल्यावर लागणारी पंचवीस-तीस घरं. गुरुजी उंच, किडकिडीत, धोतरावर कोट घालणारे. माझ्या अक्षराचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी केलं. एकदा कचेरीच्या कामाला आले होते तेव्हा ओट्याखाली उभं राहून म्हणाले, "बाई, तुमचा तक्ता मी शाळेत भितीले लावला. आमचे पोट्टे त्याच्यावर पाहून अक्षर गिरवून राहिले. फिका हाये, पन वळण लय चांगलं." मी आठवीतली पोरगी, मला 'बाई' आणि 'तुमचा' म्हणणारा तो पहिला माणूस. दोन दिवस मी हवेत होते.

या भोयर गुरुजींचं आणि बाबांचं एक जुनं प्रकरण होतं. दोन वर्षांआधी त्यांनी तक्ता मोडला होता. दिवाळीनंतर त्यांच्या गावची निम्मी पोरं आईबापांबरोबर कापूस वेचायला जायची ती संक्रांतीपर्यंत शाळेत दिसायची नाहीत. म्हणून गुरुजींनी तिसरीचा भागाकार उचलून श्रावणातच शिकवून टाकला होता, आणि दिवाळीनंतर राहतील तेवढ्या पोरांना गाणी, गोष्टी आणि उजळणी. शिक्षकांचं महिन्याचं गटसंमेलन भरायचं, त्यात बाबांनी त्यांना उभं केलं. "अभ्यासक्रम काय आता पऱ्हाटीला विचारून लावायचा गुरुजी?" असं म्हणाले आणि सगळ्यांसमोर पूर्ण तक्ता त्यांना मोठ्यानं वाचायला लावला. एकदा नव्हे, पाच वेळा. पाढे म्हणायला लावावे तसं. तिसऱ्या वेळेला बाकीचे मास्तर हसायला लागले. बाबांनी ही हकिकत घरी जेवताना सांगितली आणि आम्हीही हसलो. मी धरून.

त्यानंतर भोयर गुरुजी तक्त्याबाहेर एक पाऊल टाकत नव्हते. आणि त्याला आणखी एक कारण होतं. त्यांची मुलगी शकू, दीड-दोन वर्षांची, उजवा पाय जन्मापासून आत वळलेला. नागपूरला धंतोलीतल्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं की दर पंधरवड्याला आणा, प्लास्टर बदलून बदलून पाय सरळ करू, पण खंड पडता कामा नये, खंड पडला की पाय परत फिरतो. पांढरटोल्याहून सडकेपर्यंत पोरीला खांद्यावर घेऊन चालायचं, तिथून बसनं काटोल, मग नागपूर. पावसाळ्यात नाले भरले की सगळंच अडायचं. म्हणून त्यांनी सडकेवरच्या शाळेत बदली मागितली होती. अर्ज बाबांच्या शेऱ्यासाठी आमच्या घरातल्या टेबलावर पडून होता. दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "यंदाचं काम पाहू. मग लिहू." त्या एका वाक्यावर तो माणूस वर्ष काढत होता.

आता माझं. दिवाळीच्या सुटीत मी दुसऱ्या सत्राच्या प्रती काढत बसले होते. आई आत चकल्या तळत होती आणि मंडीतून मैत्रिणी हाका मारत होत्या. दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला तिसरीच्या गणिताची एक अख्खी ओळ मी गाळली. गुणाकारानंतर एकदम वजनंमापं. भागाकार तक्त्यातून गेला. मला कळलंसुद्धा नाही. बाबांनी नेहमीप्रमाणे पहिल्या खेपेची पहिली प्रत तपासली आणि बाकीच्या न बघता सगळ्या पोस्टात टाकल्या.

त्या खेपेच्या चारही शाळांना चुकीचा तक्ता गेला. तीन ठिकाणी काही बिघडलं नाही, कारण त्या तिन्ही मास्तरांनी तक्ता भिंतीला लावला आणि आपलं जे चाललं होतं ते चालू ठेवलं. बघणारा एकच होता.

नोव्हेंबर संपत आला होता. दुपारची वेळ, बाबा दौऱ्यावर. भोयर गुरुजी नागपूरहून परतताना आमच्याकडे आले, खांद्यावर शकू, तिच्या पायाला ताजं पांढरं प्लास्टर. पोरीला ओट्यावर टेकवलं तशी ती प्लास्टरचा पाय फरशीवर आपटायला लागली, ठक ठक, मंडीतल्या हातोड्यांना उत्तर दिल्यासारखी, आणि स्वतःच हसायला लागली. मास्तर लोकांना घरात खायला द्यायचं नाही हा बाबांचा नियम होता. आई म्हणाली, "ते पोट्टी काय मास्तर हाये?" आणि तिच्या हातात कोथिंबिरीची गरम सांबारवडी ठेवली.

गुरुजींनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "बाई, एक पाहाले आलो होतो. तिसरीले भागाकार कोनत्या पंधरवड्यात हाये? माह्या कागदावर तं दिसून नाही राहिला. फिका असन म्हनून उन्हात धरून पाहिला."

मी कागद घेतला. आत जाऊन बाबांचा कच्चा तक्ता काढून पाहिला, तिथं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भागाकार ठळक होता. बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं की माझ्याकडून राहिला, तुम्ही लिहून घ्या. पेन्सिल हातात होती. पण तसं म्हटलं असतं तर ते बाबांना कळलं असतं, आणि बाबांना कळलं की काय होतं हे मला गुरुजींइतकंच ठाऊक होतं. मागे एकदा शाई सांडली तेव्हा त्यांनी मला त्याच डागाकडे तोंड करून दिवसभर बसवलं होतं. मी कागदाची घडी घालून परत दिली आणि म्हटलं, "साहेबांनी तसंच ठेवलंय."

गुरुजींनी घडी पुन्हा उघडून कागदावरून बोट फिरवलं. भागाकाराशिवाय तिसरी होत नाही हे बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला काय मी सांगायचं? पण त्यांनी मान हलवली. "हाव बाई. साहेबानं ठेवलं म्हनजे इचार करूनच ठेवलं असन." पोरीला खांद्यावर घेतलं आणि गेले. आईनं दारातून माझ्याकडे पाहिलं. तिला अक्षरओळख बेताची, पण माझं तोंड तिला वाचता यायचं. ती परत चुलीकडे वळली. आमच्या घरात न बोलणं हाच मोठा गुण होता आणि आम्ही सगळे त्यात पहिल्या नंबरानं पास.

मग दोन महिने मी रोज ठरवायचे की एक कार्ड टाकावं. पांढरटोल्याला कार्ड जायचं, पोस्टमन आठवड्यातून एकदा का होईना जायचा. कार्ड मी दोनदा लिहिलंही. सुंदर अक्षरात. दोन्ही चुलीत घातली.

माघातलं गटसंमेलन सडकेवरच्या एका मोठ्या शाळेत भरलं. माझ्या शाळेला सुटी होती म्हणून बाबांनी मला इतिवृत्त लिहायला नेलं. प्रत्येक मास्तरानं आपली दोन-दोन पोरं आणायची, बाबा त्यांना फळ्यापाशी बोलवायचे, अशी रीत होती. त्याला ते 'मार्गदर्शन' म्हणत. भोयर गुरुजींची दोन पोरं अंगापेक्षा मोठे सदरे घालून आली होती. बाबांनी फळ्यावर लिहिलं, चौऱ्याऐंशी भागिले चार. पहिल्या पोरानं ते पाहिलं, खडू घेतला, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज केली. दुसऱ्यानं गुणाकार. बरोबर आला, पण गुणाकार.

"काय करून राहिले गुरुजी तुम्ही वर्षभर?" बाबांचा आवाज चढला नव्हता. तो चढायचा नाही, हीच भीती होती. "या, तुम्हीच या. बसा इथं." आणि त्यांनी गुरुजींना त्या दोन पोरांच्या मध्ये तरटावर बसवलं, हातात पाटी दिली. "तिसरीचा भागाकार. मी सांगतो, तुम्ही सोडवा." पन्नाशीला आलेला उंच माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला. बाबा एकेक उदाहरण घालायचे, गुरुजी सोडवून पाटी वर धरायचे, आणि बाबा बाकीच्यांना विचारायचे, "बरोबर आहे का?" सगळे एका सुरात "बरोबर" म्हणायचे. चौथ्या की पाचव्या उदाहरणाला कुणीतरी मागून "शाब्बास" म्हणालं. मग हसू पसरलं. गुरुजींच्या दोन्ही पोरांनाही वाटलं की हा खेळ आहे, तीही टाळ्या पिटायला लागली. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहीत होते: 'इयत्ता तिसरीच्या गणिताचे प्रात्यक्षिक घेण्यात आले.'

दहा उदाहरणं झाल्यावर गुरुजी पाटी खाली ठेवून उभे राहिले. "साहेब, मी तुमच्या तक्त्यापरमानंच शिकवलं जी. तक्त्यात भागाकार नाही." त्यांनी खिशातून कागद काढला. बाबांनी तो घेतला आणि दाराच्या उजेडात धरला. फिक्या जांभळ्या रेघांतून ते बोट फिरवत खाली आले, गुणाकारापाशी थांबले, वजनंमापांपाशी थांबले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. गुरुजींनीही माझ्याकडे पाहिलं. आता ते म्हणतील, बाईंना विचारलं होतं, असं मला वाटलं. माझी पेन्सिल कागदावर टेकून तशीच राहिली. त्यांनी वाकून खाली ठेवलेली पाटी उचलली.

बाबांनी कागदाची चार पदरी घडी केली आणि आपल्या खिशात ठेवली. "दिलेला कागद नीट वाचता येत नाही, आणि पोरांना शिकवायला निघाले," ते म्हणाले. "बसा."

सगळे पुन्हा हसले.

घरी परत येईपर्यंत बाबा सायकल नेहमीच्याच चालीनं हाकत होते. मी मागे कॅरिअरवर बसून त्यांच्या पाठीकडे पाहत होते. संध्याकाळी आईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. बाबा नीट जेवले, दोनदा वाढून घेतलं. मी ताटात बोट फिरवत बसले तशी आई म्हणाली, "काहून वं, जेवून नाही राहिली?" बाबाच उत्तरले, "तिला लिहायचं आहे." हात धुऊन त्यांनी तो कागद माझ्यासमोर टाकला. मला मार हवा होता. खरंच हवा होता. ते म्हणाले, "चौथ्या प्रतीला तुझा जोर कमी पडतो," आणि तक्त्याबद्दल आमच्यात जे काही बोलणं झालं ते एवढंच, त्यांच्या मरणापर्यंत.

मग त्यांनी मेमो सांगितला आणि मी लिहिला. अध्यापनात अक्षम्य हयगय, नियोजनाचे आकलन नाही, आठ दिवसांत खुलासा सादर करावा. त्यानंतर बदलीचा अर्ज पुढे ओढला आणि त्यावरचा शेराही मलाच लिहायला लावला: 'सडकेवरील शाळेस योग्य नाही.' खाली सही त्यांची. कचेरीत कारकून होता. हे घरी, माझ्या हातून लिहून घ्यायचं काही कारण नव्हतं. किंवा तेच कारण होतं. आई भांडी घासता घासता म्हणाली, "अक्षर चांगलं आलं काय वं?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मंग झालं." बाबांपेक्षा ते मला जास्त लागलं.

खुलासा सहाव्या दिवशी आला. भोयर गुरुजींनी लिहिलं होतं की तक्ता बरोबर होता, वाचण्यात आपली चूक झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. सोबत त्यांनी तो तक्ता नवीन कागदावर स्वतः आखून पाठवला होता, भागाकार जिथल्या तिथं घालून. आणि त्यातलं एकेक अक्षर माझ्या वळणाचं होतं. पोरांना गिरवायला देता देता त्यांच्याही हातात ते वळण बसलं असावं. बाबांनी खुलासा वाचला, "माणूस सुधारला," म्हणाले आणि मला फायलीला लावायला दिला. मी लावला.

जूनमध्ये त्यांची बदली झाली, सडकेपासून आणखी आतल्या गावाला. पुढच्या आंबिया बहारात मी त्यांना काटोलच्या बस स्टँडवर पाहिलं. शकू आता चालत होती. पायाला प्लास्टर नव्हतं, आणि पाऊल जिथून निघालं होतं तिथंच परत फिरलं होतं. ती पायाच्या कडेवर भार देऊन, बापाच्या धोतराला धरून, झपाझप चालत होती. गुरुजींनी मला ओळखलं, हात जोडले. "नमस्कार बाई. अभ्यास चालू हाये ना?" मी हो म्हटलं. पुढं मी शिकले, त्याच खात्यात चढत गेले आणि नागपूरला शिक्षकांच्या हस्तपुस्तिका तयार करणाऱ्या समितीवर बसले. लहान शाळांसाठी मी केलेल्या नियोजनाचं कौतुक झालं. तो बाबांचाच तक्ता होता. फक्त छापलेला, म्हणून सगळ्या प्रती सारख्याच काळ्या.

त्या पुस्तिकेच्या प्रशिक्षणाला खेड्यांतल्या मास्तर-मास्तरणी नागपूरला आल्या होत्या. सभागृहात पंखे गरगरत होते, चहाची वेळ झाली होती. मागच्या रांगेतून एक तरुण बाई उभी राहिली, पुस्तिका उघडी धरून. "मॅडम, दुसरीच्या भाषेत जोडाक्षरं कुठं दिसून नाही राहिली. सुटली असतीन काय?"

मी पुस्तिका उघडून पाहिली नाही. चहा थंड होत होता, आणि व्यासपीठावर माझे साहेब बसले होते. तोंडातून निघून गेलं, "समितीनं विचार करूनच तसं ठेवलंय."

तिनं मान हलवली. "हाव मॅडम," म्हणाली आणि खाली बसून ते लिहून घेतलं. मग सगळे चहाला उठले तेव्हा ती रांगेतून बाहेर आली, उजव्या पायाच्या कडेवर भार देत, आणि माझ्या समोरून दाराकडे गेली. तसे पाय पुष्कळांचे असतात. हजेरीपट माझ्या पुढ्यात होता, त्यावर सगळ्यांनी आपापल्या हातानं नावं लिहिलेली होती. मी तो पालथा घातला, कारण मला तिचं नाव वाचायचं नव्हतं, आणि तिचं अक्षर तर मुळीच बघायचं नव्हतं.